कोरा दोर

अंगठा कापलाय हे देवानंदला रक्त दिसल्यावर कळलं. ठाण्यातल्या त्या गळ-दोऱ्यांच्या दुकानात, मागच्या अरुंद टेबलापाशी, तो गिऱ्हाइकाच्या रीलवर नवी लाइन भरत होता. फ्लोरोकार्बनची, बारा पाउंडांचा ताण सोसणारी, काचेसारखी स्वच्छ. तिला ताण राहावा म्हणून ओल्या फडक्याच्या घडीत ती उजव्या अंगठ्याने दाबून धरायची आणि डाव्या हाताने रीलची मूठ फिरवायची, ही त्याची रोजची रीत. फडकं कधी सरकलं, उघडी लाइन कातडीवरून कधी धावू लागली, काही समजलं नाही. रीलमधल्या फिरत्या स्पूलवरच्या पारदर्शक वेटोळ्यांत एक तांबडा धागा उमटला, पळसाच्या फुलाच्या रंगाचा, आणि तो त्याला क्षणभर आवडलासुद्धा. "अहो, हात! हात बघा!" काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक ओरडलं. देवानंदने आधी गिऱ्हाइकाच्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या.

दीड वर्ष झालं होतं. पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या पात्याने कोपराखाली हात उघडा केला, तेव्हा डॉक्टरांनी आतली स्पर्शाची शीर जोडली आणि सांगितलं, ही आता मुंगीच्या पावलाने वाढत खाली जाईल, बोटांपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल, वाट बघ. हात हलायला लागला, मूठ वळायला लागली. पण अंगठा आणि शेजारचं बोट मुकीच राहिली, दुसऱ्या कुणाची उसनी आणून लावल्यासारखी. पहिल्या महिन्यांत तो रोज सकाळी आगपेटीची काडी टोचून बघायचा. मुंगी आज मनगटाशी आली असेल. आज तळहाताच्या घडीत बसली असेल, दमून. मग एका सकाळी काडी न टोचताच तो कामाला गेला आणि त्या दिवसापासून त्याने विचारणंच सोडलं. घरी बायकोला, रामीला, सांगितलं होतं, बरा झाला हात. शेठलाही तेच. दुकानात डोळ्यांवर भागत होतं. लाइन जाड की बारीक, गाठ बसली की सुटली, सगळं तो बघून करायचा. गाठ आवळण्याआधी ओली करावी लागते, नाहीतर फ्लोरोकार्बन स्वतःच्याच घासण्याने जळून कच्ची पडते. दुकानातली पोरं ती तोंडात धरून ओली करत. देवानंद वाटीतल्या पाण्यात बुडवायचा. त्याचा बा, नवसू, म्हणायचा, उष्टा दोर पाण्यात टाकू नये, नदी काय आपली ताटवाटी आहे? गिऱ्हाइकांना वाटे, माणूस स्वच्छतेचा आहे.

त्याच दुपारी शेठ आले. अंगठ्याची पट्टी त्यांनी पाहिली.

"देवा, तू खोडाळ्याकडचाच ना?"

"सूर्यमाळचा, शेठ. वरच्या पाड्यावरचा."

"मग ऐक. रविवारी चार जण नेतोय, तुमच्याकडच्या धरणाच्या फुगवट्यावर. जमलं तर तिथे तंबू टाकायचे, दर आठवड्याला माणसं आणायची. तू तिकडचाच होऊन राहा, पगार हाच. पण मला लाइन भरून देणारा नको, फेकून दाखवणारा पाहिजे. येतं ना?"

"येतं," देवानंद म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडातून असा बाहेर पडला की जणू तो दीड वर्ष दाराशी बसून होता.

"मग दोन दिवस आधी जा. रॉड घे, रील घे. लाइन तूच निवड, तुझं पाणी तुला ठाऊक."

तिकडचाच होऊन राहा. शेठ गेल्यावर ते शब्द त्याने पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून बघितले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली एकत्र गेलेली अशी चारही भरली नसती, तीही तुकड्यातुकड्यांनी. लावणीचे पंधरा दिवस. होळी. कापणी. रामीचा चेहरा त्याला नेहमी निरोपाचा आठवे, जीपच्या काचेतून. रविवारी चार माणसांसमोर त्याने ल्यूर, माशाला भुलवणारा तो खोटा मासा, नीट फेकली, तर उरलेली वर्षं सलग मिळणार होती. नाही फेकली तर हे टेबल होतंच. आणि हे रील अंगठ्याचं होतं. बटण दाबायचं, स्पूलवर अंगठा ठेवायचा, रॉड मागे नेऊन पुढे आणायचा आणि अंगठा उचलायचा. ल्यूर पळते, तिच्यामागे स्पूल पळतं. हवेत ल्यूर दमते, स्पूलला ते कळत नाही, ते आपलं लाइन सोडतच राहतं. कळायचं असतं अंगठ्याला. त्याने त्या वेळी स्पूलवर अलगद टेकायचं, नाहीतर लाइनीचं घरटं होतं, तासभर उकलत बसावं असं.

लाइनीच्या मांडणीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. विणलेली ब्रेडेड होती, मऊ, वेणीसारखी. मुक्या अंगठ्यालाही ती सांभाळून घेईल. साधी नायलॉनची होती, ताणली की लांबणारी, चुका पोटात घालणारी. आणि फ्लोरोकार्बन, ताठ. तिला गुंडाळलेलं आठवतं, स्पूलवरून सुटली तरी ती वेटोळ्यातच उभी राहते. पण एप्रिलात फुगवट्याचं पाणी उतरतं, तळातले काळे खडक वर येतात आणि पाणी इतकं नितळ होतं की मासा दोर आधी बघतो, घास नंतर. ब्रेडेड तिथे दिसेल, आणि खडकाच्या धारेवर पिंजेल. फ्लोरोकार्बन पाण्यात उतरली की पाणीच होते. बा पत्र्याच्या डब्यावर दोर गुंडाळून फेकायचा, डबा पुढे धरून, बोटाने दोर रोखत, सोडत. म्हणायचा, माशाला दोर दिसला की तो दोर बघत नाय, तुला बघतो. सोपी लाइन घेऊन जाणं देवानंदला जमलं असतं. पण त्या पाण्याशी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने फ्लोरोकार्बनचं बंडल उचललं.

पाड्यावर पाणी नव्हतं. शुक्रवारी सकाळी तो रॉड घेऊन घराखालच्या खाचरात उतरला तेव्हा भाताची खुंटं पायांना टोचत होती, मातीला भेगा पडल्या होत्या. हूक नसलेल्या लाकडी ल्यूरच्या पोटाला त्याने वजनाला एक लोखंडी नट बांधला, नेमासाठी पन्नास पावलांवर रामीचं सूप पालथं ठेवलं आणि फेकायला लागला. पहिलं घरटं झालं. उकललं. दुसरं. रीलच्या ब्रेकची चकती त्याने पुरती आवळली तेव्हा ल्यूर दहा पावलांवर धपकन पडली, बेडकासारखी. सैल केली तेव्हा तिसरं घरटं. बांधावर पोश्या येऊन बसला होता, त्याच्याच वयाचा, त्याच्याच शाळेतला.

"काय रं देवा, खाचरात मासं लागलं का?"

"लागतील."

"लागतील नायतर काय! पाणी आटलं तवा ते जमिनीतच गेलं असतील. नांगर आणू का?"

खालच्या झऱ्यावरून बायका हंडे घेऊन चढत होत्या. पुढे सरू होती, पोश्याची बायको. तिने डोक्यावरचा हंडा न हलवता मान तेवढी वळवली. "आमी पाणी शोधताव, न हा मासे शोधतो. गावला तर सांग बा, त्याला इचारू, पाणी कठं ठेवलास?" बायका हसल्या. रामीही त्यांच्यात होती, तीही हसली. देवानंदला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. त्याचं सगळं ध्यान आपल्या अंगठ्यात होतं, अंधाऱ्या घरात हाक मारून उत्तराची वाट बघावी तसं. ल्यूर जात होती, स्पूल गुणगुणत होतं आणि आत कुणी बोलत नव्हतं.

दुपारी रामीने चुलीतल्या निखाऱ्यावरून नागलीची भाकर काढली आणि त्याच्या हातात दिली. भाकरीच्या काठावर एक चकचकीत लाल ठिणगी चिकटलेली होती. तो शेठबद्दल सांगत होता, तंबूंबद्दल. बोलता बोलता अंगठा ठिणगीवर गेला आणि तिथेच राहिला.

"ठेव ती खाली," रामी म्हणाली.

"का?"

"ठेव म्हणते ना."

तिने त्याचा हात ओढून उजेडात धरला. भाजलेल्या कातडीचा वास दोघांच्या मध्ये उभा राहिला. तिने पट्टी पाहिली, पट्टीखालची चीर पाहिली. मग म्हणाली, "डोळं मिट." त्याने मिटले. तिने त्याच्या अंगठ्यावर काहीतरी ठेवलं, किंवा नाही ठेवलं.

"काय हाय?"

"दाणा. नागलीचा."

"खडा हाय, बोराएवढा. आता?"

"हे... काडी?"

"काय नाय ठेवलं. आता?"

तो थांबला. फसायचं नाही असं ठरवून म्हणाला, "आताही काही नाही." डोळे उघडले. रामीने आपल्या अख्ख्या मुठीत त्याचा अंगठा घट्ट धरला होता, बोटांची नखं पांढरी पडेपर्यंत.

"दीड वरीस," रामी म्हणाली, "माझ्या अंगावरनं हात फिरवलास, न तुला काय लागलं नाय?"

"पंजा लागत होता की."

"पंजा!" ती म्हणाली. "म्हणे पंजा! वाघ हायस का काय तू?" आणि ती इतक्या रागाने हसली की त्यालाही हसू आलं, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं की त्या खोट्याचं ओझं अंगठ्याहून जड होतं. ते खाली ठेवल्यावर हात हलका वाटत होता. अंगठा मात्र होता तसाच. रविवारही होता तिथेच. "मंग आता कसा फेकशील?" रामीने विचारलं. त्याने सांगितलं, लाइन ताठ आहे, वेटोळी धरून बसते, स्पूलवरून उसळते. अंगठा जागा असता तर तिला सांभाळलं असतं. अंगठा मुका आहे तर निदान लाइन तरी मऊ पाहिजे होती. रामीने लाइनीचं टोक दोन बोटांत धरून वाकवलं, नखाने चोळलं, ओठाला मात्र लावलं नाही. "कोरी हाय ही," ती म्हणाली. जाणत्या माणसासारखी. लाइन कोरी असते ही गोष्ट दुकानात कुणी बोलत नसे.

शनिवारी सकाळी तो झऱ्यावर गेला. जाताना रीलमधलं स्पूल काढून, पुसून, त्याच सुपात ठेवून गेला होता. एक हंडा भरायला सव्वा तास लागला, कपारीतून पाणी वाटी-वाटीने येत होतं आणि रांगेतली प्रत्येक बाई वाटी भरताना कपारीच्या दगडाशी दोन शब्द बोलून घेत होती. परत आला तेव्हा सूप रिकामं होतं. अंगणात तीन दगडांवरून नुकतंच उतरवलेलं काळं मडकं वाफाळत होतं आणि त्याच्याशी रामी बसून होती, ओठांतल्या ओठांत काही म्हणत. तिच्या बापाच्या घरचं, जाळी भिजवतानाचं गाणं.

ऐन माझा दादा, त्याची साल घेते आंदण,
कोऱ्या जाळ्याला बाई रानाचं गोंदण.

"स्पूल कुठंय?"

तिने मडक्याकडे हनुवटी केली. "माझा बा कोरं जाळं कदी पाण्यात घालीत नव्हता. ऐनाची साल उकळायची, काढ्यात दोर मुरवायचा. मंग तो पाण्याला मानतो."

"रामी, ते सुताचं जाळं होतं! ही लाइन... ते शेठचं रील आहे, आतलं वंगण, बेअरिंग..." चमचा नाही, काठी नाही, त्याने सरळ उजवा हात मडक्यात घातला. तांबड्या काळोख्या पाण्यात बोटं तळाशी चाचपडली, स्पूल पकडलं, वर आणलं आणि वर आणता आणता मनगटाच्या खूप पुढे कुठेतरी, नखाच्या मुळाशी, काहीतरी झालं. आधी त्याला ते दुरून आल्यासारखं वाटलं, दरीपलीकडच्या पाड्यावर कुणी कुणाला बोलवावं तसं. मग खाजकुयलीचं कुसळ शिवावं तसं टोचलं. मग ते एकदम जवळ आलं, आपल्याच नावाने ओरडलं.

"भाजलं!" तो म्हणाला. स्पूल त्याने अंगणात टाकलं. "रामी, भाजलं!"

"मंग काढ्यात हात घालशील तर भाजल नाय तर काय!" तिने म्हटलं, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं. ती उठली. तिने त्याचा अंगठा परत धरला, आता दोनच बोटांनी, भीत भीत. "कठं? हितं?"

"तिथे नाही. वर. नखापाशी. जरासंच."

"जरासं तर जरासं." ती त्या अंगठ्यावर फुंकर घालत राहिली. फुंकर त्याला लागत नव्हती. चटका लागत होता. गार, मऊ, खरबरीत यांतलं काही अजून आलं नव्हतं, फक्त दुखणं आलं होतं, सगळ्यांच्या आधी, वाट दाखवायला. तेव्हा कुठे त्याची नजर तिच्यामागे गेली, घराच्या भिंतीशी. काल तिने भरून आणलेला दुसरा हंडा पालथा होता. रिकामा. आंघोळीचं, भांड्यांचं, म्हशीच्या वाट्याचं सगळं पाणी तिने त्याच्या लाइनीवर ओतलं होतं. त्याने तो हंडा उचलून सरळ ठेवला.

लाइनीने रंग धरला नव्हता. साल पिऊन रंगला होता तो त्याचा हात, कातासारखा तांबडा. पण ऊन पाण्याने लाइनीचा ताठा मोडला होता. दुकानात जे बाटलीतलं औषध फवारून करतात, ते रामीच्या मडक्याने केलं होतं, कारण वेगळं असलं तरी. त्याने स्पूल कोरडं केलं, बेअरिंगमध्ये खुरासणीच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग रामीला लाइनीचं टोक पदराच्या घडीत धरून खाचरात चालत जायला सांगितलं, ऐंशी पावलं, सगळी लाइन उलगडेपर्यंत. ती पलीकडच्या बांधाशी उभी राहिली. तो अलीकडे. मध्ये सूर्याच्या उजेडात लाइन दिसतच नव्हती. "ओढ!" त्याने सांगितलं. लाइन ताणली गेली, जुनी वेटोळी सरळ होत गेली.

पोश्या बांधावर होताच. "काय गो रामी, नवऱ्याला वाऱ्याने बांधलंस का?"

"बांधला तर बांधला," रामी ओरडली. "तुझी सरू तुला कशाने बांधल? तू हितंच असतोस!"

देवानंदने ताण ठेवून लाइन गुंडाळायला सुरुवात केली. रामी पावलापावलाने जवळ येत होती. तिने मध्येच ओढून धरलं की अंगठ्यातल्या चटक्याखाली एक बारीक ठोका पडे. सोडलं की नाही पडे. त्याने डोळे मिटले. ठोका. ठोका. काही नाही. ठोका. हे खरं आहे की मनाचं, असं त्याने स्वतःला विचारून बघितलं. उत्तर द्यायच्या आत पुन्हा ठोका पडला. संध्याकाळपर्यंत त्याने चाळीसएक वेळा फेकलं. एकवीस घरटी झाली. उरलेल्या वेळी स्पूल थांबायच्या वेळी थांबलं. पोश्या मोजत होता, आणि शेवटी शेवटी त्याचे टोमणे संपले होते.

रविवारी फुगवट्यावर ऊन चढायच्या आत माणसं आली. तीन पुरुष, चौथ्या एक उतारवयाच्या बाई, टोपी घातलेल्या, ज्यांनी रील नवंच घेतलं होतं आणि त्याला अजून भीत होत्या. शेठ खडकावर उभे राहिले. देवानंदने गाठ मारली, वाकून धरणाच्या पाण्यात ओली केली, आवळली. पाण्याखाली काळे खडक स्पष्ट दिसत होते. अंगठ्यावर फोड आला होता, पाण्याने तटतटलेला. त्याने तो स्पूलवर ठेवला आणि फेकलं. वारा समोरून आला. घरटं.

शेठनी घड्याळ पाहिलं. देवानंद खाली बसून वेटोळी उकलू लागला, एकेक, घाई न करता. सगळं लक्ष त्या फोडाने मागून घेतलं होतं. फोड ठणकत होता, लाइन फोडाच्या कडेने जात होती आणि कडेचा तेवढा अर्धचंद्र जिवंत होता. मुंगी तिथवर आली होती. तिच्यापुढे अजून गाव होतं, पण ती आली होती. तो उठला, चकती एक खूण आवळली, वाऱ्याखालून, खालच्या हाताने फेकलं. स्पूल गुणगुणलं. ल्यूर पाण्यावर लांबत गेली, दमली आणि तिचं दमणं त्याला फोडाच्या कडेशी कळलं. त्याने टेकलं. ल्यूर दोन खडकांमधल्या निळ्या पट्टीत पडली, आवाज न करता. पुन्हा फेकलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिच्याही पुढे.

"मला दाखवा ना," त्या बाई म्हणाल्या. त्याने त्यांचा अंगठा त्यांच्या स्पूलवर ठेवून दिला.

"दाबायचं नाही, मॅडम. टेकायचं."

"म्हणजे किती?"

कितीला त्याच्याकडे माप नव्हतं. तो म्हणाला, "झोपलेल्या माणसावर पांघरूण घालताना हात किती लागू देता? जाग येऊ नये, पण आपण आहोत हे त्याला झोपेतही कळावं. तेवढं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी फेकलं. ल्यूर फार लांब गेली नाही. पण घरटं झालं नाही, आणि त्या लहान मुलीसारख्या "अरे!" म्हणाल्या.

शेठ खडकावरून उतरून त्याच्या शेजारी आले. ते काठावरची सपाट जागा बघत होते, तंबूंना पुरेल का ते. "माणूस तर चालेल," ते पाण्याकडे बघतच म्हणाले. "पुढल्या शनिवारपासून सुरू करू. तुझ्यासाठी एक छोटा तंबू वेगळा टाकायला सांगतो. की तू दिवसभर काम करून संध्याकाळी रोज..."

"घरी," देवानंद म्हणाला.